शापित तलवारीचे योद्धे: गेराल्टनंतर कोण वाचावा?

वाचनमात्र

पोलिश लेखक सापकोव्स्की यांच्या ‘विचर’ मालिकेतल्या गेराल्टच्या, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या योद्ध्याच्या, कथा आणि कादंबऱ्या सगळ्या वाचून झाल्या. आता त्याच जातकुळीचे योद्धे हवे आहेत: एकटा, लोकांना नकोसा, अंगात काहीतरी अनैसर्गिक आणि हातात नाव घेण्यासारखी तलवार. शोधाशोध केली की मायकेल मूरकॉक यांचा एल्रिक, टोल्किन यांचा तूरिन, फिनलंडच्या महाकाव्यातला कुल्लेर्वो आणि जपानी चित्रमालिकेतला गट्स ही चार नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. वाचनकट्ट्यासाठी चार रविवार या विषयाला द्यायचे आहेत, त्यामुळे नुसती यादी पुरणार नाही. कोण कोणासारखा, कुठे वेगळा, कुठून सुरुवात केली तर वाचणारा मध्येच अडत नाही, हे जाणकारांनी सांगावं. रहस्यभेद झाला तरी चालेल.

पोलादी पातं

आधी गेराल्ट आणि एल्रिक यांची गाठ सोडवू, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. दोघांचे केस पांढरे, दोघांनाही ‘पांढरा लांडगा’ म्हणतात, दोघंही औषधी अर्क पितात. एल्रिक पहिल्यांदा छापला गेला जून १९६१ मध्ये, गेराल्ट डिसेंबर १९८६ मध्ये. एवढं पाहून लोक दोघांना एकाच माळेत ओवतात. मी एकच प्रश्न विचारतो: तलवार काढून घेतली तर मागे काय उरतं?

गेराल्टची तलवार काढून घ्या, गेराल्ट उरतो. त्याचं बळ लहानपणी झालेल्या ‘गवतांच्या परीक्षे’तून, म्हणजे शरीर बदलून टाकणाऱ्या जहाल अर्कांच्या प्रयोगातून, आलं आहे, ते शरीरातच मुरलेलं आहे. अर्क तो लढाईपुरते घेतो. तलवार मोडली तर दुसरी मिळेल.

एल्रिकचं उलट आहे. मेल्निबोनेचा हा ४२८वा सम्राट जन्मतःच वर्णहीन आणि अशक्त, जडीबुटीवर कसाबसा उभा. स्टॉर्मब्रिंगर ही काळी तलवार मारलेल्या माणसाचा आत्मा पिते आणि त्यातलं थोडं बळ त्याच्या अंगात सोडते. ती दूर ठेवली की तो पुन्हा जडीबुटीच्या आधारावर. म्हणजे इथे तलवार हे शस्त्र नाही, दुसरं पात्र आहे, आणि बऱ्याच प्रसंगी तेच वरचढ ठरतं.

तुम्हाला गेराल्टमध्ये काय आवडलं ते आधी ठरवा. राक्षसाची शिकार, मोलभाव, गावकऱ्यांशी खटके हे आवडलं असेल तर एल्रिकमध्ये ते मिळणार नाही. ‘हे बळ कुठून आलं आणि त्याचं मोल कोण भरतं’ हा भाग आवडला असेल तर एल्रिकच वाचा.

उत्तरवारा

+१. कट्ट्यावर तुलना करायची तर प्रत्येक योद्ध्याला तेच चार प्रश्न लावा, नाहीतर चर्चा ‘कोण कोणाला हरवेल’ याच्यावर घसरते आणि तिथून परत येत नाही. बळ कुठून आलं? पात्याला स्वतःची इच्छा आहे का? त्या पात्याने पहिला जिवलग कोण गेला? आणि शेवटी ते पातं कोणाच्या अंगात शिरलं? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण या योद्ध्यांतला फरक तिथेच उघडा पडतो.

तूरिनचं बघा. ओर्क या राक्षसी सैनिकांच्या तळावरून जिवलग मित्र बेलेग आणि वाटेत भेटलेला ग्विंडोर त्याला झोपेतच उचलून आणतात. अंधारात बेलेग आपल्या आंग्लाखेल या तलवारीने त्याच्या बेड्या कापतो. पातं निसटतं आणि तूरिनच्या पायाला टोचतं. तो दचकून उठतो, कोणीतरी छळायला आलं असं समजून तीच तलवार हिसकावतो आणि वार करतो. वीज चमकते तेव्हा खाली पडलेल्या बेलेगचा चेहरा दिसतो. त्याआधीच मेलियन राणीने सांगून ठेवलेलं असतं की या तलवारीत दुष्टावा आहे. आकाशातून पडलेल्या लोखंडाची ती, एओल नावाच्या काळोख्या लोहाराने घडवलेली. आता ठरवा: पाय टोचला तो अपघात, की पात्याची इच्छा? लेखक उत्तर देत नाही. बेलेग गेल्यावर पातं काळं आणि बोथट होतं, आणि ते त्याच्यासाठी शोक करतंय असं ग्विंडोर म्हणतो. पुढे तीच तलवार नव्याने घडवली जाते आणि गुर्थांग होते.

एल्रिकच्या बाबतीत संदिग्धता उरत नाही. चुलतभाऊ यिर्कून याच्याशी झुंज चालू असताना त्याची प्रिया सिमोरिल त्याच पात्यावर पडून मरते. नंतर तो तलवार समुद्रात भिरकावतो. ती बुडत नाही. पाण्यात टोकावर उभी राहून थरथरते आणि किंचाळते, आणि तो पोहत जाऊन तिला परत घेतो. या एका प्रसंगात सगळा एल्रिक आहे. कट्ट्यावर मोठ्याने वाचायचा उतारा शोधत असाल तर हाच घ्या.

वाचनमात्र

हे चार प्रश्न फार कामाचे आहेत, वाचनखूण साठवली. पण एल्रिकच्या पुस्तकांचा क्रम कसा लावायचा? कोणी १९७२ ची कादंबरी (‘एल्रिक ऑफ मेल्निबोने’) आधी म्हणतं, कोणी १९६१ ची कथा (‘द ड्रीमिंग सिटी’).

पोलादी पातं

दोन्ही चालतात, फक्त सरमिसळ करू नका. १९६१ च्या पहिल्याच कथेत एल्रिक परक्या लुटारूंचं आरमार घेऊन स्वतःचं शहर उद्ध्वस्त करतो आणि सिमोरिल मरते. मूरकॉक यांनी त्यापूर्वीची हकिगत १९७२ च्या कादंबरीत मागाहून लिहिली. त्यात एल्रिक यिर्कूनला जिवंत सोडतो, वर त्यालाच वर्षभर राज्य सांभाळायला देऊन निघून जातो.

कादंबरी आधी वाचली तर सिमोरिलशी ओळख होते आणि तिचं मरण लागतं. कथा आधी वाचली तर तलवारीची ओळख आधी होते, माणसांची नंतर. कट्ट्यासाठी मी कथा आधी ठेवीन: एका बैठकीत होते आणि सगळ्यांची वाचून होते. कादंबरी दिली की निम्मे लोक अर्धी वाचून येतात.

शेवटचा भाग, म्हणजे तलवारीच्याच नावाची १९६५ ची कादंबरी, मात्र कुठल्याही क्रमात शेवटीच. मुळात त्या चार लघुकादंबऱ्या. सोबती मूनग्लम याचाही बळी जातो आणि अखेर तलवार आपल्या धन्यालाच मारून मोकळी होते. हे आधी वाचलं तर मधल्या कथांतली धाकधूक संपते.

आणखी एक. संपादक जॉन कार्नेल यांना रॉबर्ट हॉवर्ड यांच्या कॉनॅन या योद्ध्याच्या वळणाच्या कथा हव्या होत्या, मूरकॉक यांनी कॉनॅनच उलटा केला. कॉनॅन रानटी, धडधाकट, स्वबळावर सिंहासन मिळवणारा. एल्रिक सुसंस्कृत, रोगट, सिंहासन सोडणारा. डिसेंबर १९३२ ची पहिली कॉनॅन कथा शेजारी ठेवून वाचा, फरक दोन पानांत कळतो.

उत्तरवारा

तूरिनसाठी २००७ साली ख्रिस्तोफर टोल्किन यांनी वडिलांच्या लिखाणातून जोडून सिद्ध केलेलं स्वतंत्र पुस्तक ‘द चिल्ड्रन ऑफ हुरिन’ घ्या, अठरा प्रकरणांचं. हीच हकिगत १९७७ च्या ‘द सिल्मरिलियन’ या मोठ्या ग्रंथात एकविसाव्या प्रकरणात आटोपशीर आहे, पण तिथे आधीची वीस प्रकरणं माहीत नसली की नावांच्या गर्दीत माणूस हरवतो.

नावांची अडचण २००७ च्या पुस्तकातही आहे, कारण तूरिन प्रत्येक मुक्कामी नाव बदलतो. कागदाच्या पट्टीवर लिहून पुस्तकात ठेवा: नेइथान म्हणजे अन्याय झालेला, गोर्थोल म्हणजे भीषण शिरस्त्राण, आगारवाएन म्हणजे रक्ताने माखलेला, मोर्मेगिल म्हणजे काळी तलवार, तुरांबार म्हणजे नियतीचा स्वामी. नावं ओळीने वाचली तरी त्याची पडझड दिसते. शेवटचं नाव सगळ्यात मोठं, आणि ते घेतल्यावरच तो पुरता बुडतो.

कुल्लेर्वो हा तूरिनचा पूर्वज. एलियास ल्योनरोट यांनी फिनलंडच्या लोकगीतांतून रचलेल्या ‘कालेवाला’त, १८४९ च्या वाढवलेल्या आवृत्तीत, पन्नास सर्ग आहेत. त्याची गोष्ट ३१ ते ३६ या सर्गांत, सुमारे दोन हजार ओळी. टोल्किन यांनी तरुणपणी, १९१४ च्या सुमारास, हीच कथा गद्यात लिहायला घेतली होती; तो अपुरा मजकूर २०१५ मध्ये पुस्तकरूपाने आला. बहिणीला न ओळखता तिच्याशी संबंध येणं आणि शेवटी ‘मला मारशील का’ असं तलवारीला विचारणं, दोन्ही तिथूनच तूरिनमध्ये आलं.

भाषांतर कुठलं? १९०७ चं कर्बी यांचं मूळच्या ठेक्यात आहे आणि आंतरजालावर मोफत मिळतं, पण तो ठेका शंभर ओळींनंतर डोक्यात घण घालायला लागतो. बॉस्ली यांचं १९८९ चं सलग वाचायला सोपं. बत्तिसाव्या सर्गात गुरांच्या राखणीचे मंत्र फार लांब आहेत, बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. ते चाळून तेहतिसाव्यावर या. तिथे मालकिणीने भाकरीत दगड घालून भाजलेला असतो आणि बापाची एकुलती आठवण असलेला चाकू त्या दगडावर मोडतो. या गोष्टीत पहिला जिवलग म्हणजे तो चाकूच.

चित्रचौकट

गट्सबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. तो केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’चा नायक; ही जपानी चित्रमालिका १९८९ पासून सुरू झाली. मे २०२१ मध्ये मिउरा गेले, तोवरच्या त्यांच्या कामाचे ४१ खंड आहेत, पुढचं काम त्यांचे मित्र कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली चालू आहे.

गट्सची तलवार शापित नाही, हे आधी स्पष्ट करते. ती लोखंडाची राक्षसी लादी आहे, गोदो नावाच्या लोहाराने घडवलेली. अमानवी जीव कापून कापून तिच्यात त्यांना मारण्याची ताकद उतरत गेली, म्हणजे शाप आधी आणि वार नंतर असा क्रम इथे उलटा आहे. स्टॉर्मब्रिंगरची जागा पुढे त्याचं चिलखत घेतं. ते वेदना बंद करतं, मोडलेली हाडं आतून काटे खुपसून जागेवर धरतं आणि त्याला लढवत ठेवतं. उत्तरवारा यांचे चार प्रश्न तलवारीला लावलेत तर तुलना फसेल. चिलखताला लावा, चपखल बसतील.

सुरुवात पहिल्या खंडापासूनच करा. पहिले दोन खंड कर्कश वाटतील. तिसऱ्याच्या शेवटी भूतकाळ सुरू होतो आणि चौदाव्यापर्यंत चालतो, खरी पकड तिथे आहे. हिंसा आणि लैंगिक अत्याचाराची चित्रं फार उघड आहेत. कट्ट्यावर शाळकरी मुलं येत असतील तर हे ठेवू नका.

सातपुडा

यादीत अश्वत्थामा हवा. सौप्तिकपर्वाचा सातवा अध्याय काढा: शिव त्याला निर्मळ खड्ग देतो आणि स्वतः त्याच्या शरीरात शिरतो. आठव्यात तो झोपलेल्या छावणीत घुसतो. धृष्टद्युम्न विनवतो की मला शस्त्राने मार, तेवढंही तो नाकारतो आणि लाथांनी मारतो. सोळाव्यात कृष्णाचा शाप: तीन हजार वर्षं एकट्याने भटकणं, अंगाला पू आणि रक्ताचा वास.

पोलादी पातं

महाभारत अद्भुत कादंबरीच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. तिथे खड्गाला स्वतःची इच्छा नाही.

सातपुडा

खड्गाला नाही, पण देणारा स्वतःच आत शिरलेला आहे. ‘बळ कुठून आलं’ याचं इतकं थेट उत्तर वरच्या चौघांपैकी एकाकडेही नाही. आणि चौथ्या प्रश्नाला इथे वेगळंच उत्तर मिळतं: पातं कोणाच्याच अंगात शिरत नाही, मरण मिळत नाही हीच शिक्षा. एल्रिक, तूरिन, कुल्लेर्वो तिघांनाही शेवटी स्वतःच्या तलवारीकडून सुटका मिळते, याला नाही. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीत त्याच्याच नावाने यात्रा भरते. कथेतला योद्धा अजून चालतोय असं मानणारे लोक आपल्याच राज्यात आहेत, मग तो तुलनेबाहेर का?

पोलादी पातं

सुटकेचा मुद्दा मान्य. कादंबरी म्हणून नको, पण त्या चार प्रश्नांच्या तक्त्यात ठेवा.

उत्तरवारा

बाईयोद्धा हवी असेल तर तेराव्या शतकातली आइसलँडची हेर्व्होरची सागा बघा, छोटीच आहे. तिर्फिंग तलवार बुटक्यांकडून धाकाने करवून घेतलेली, म्हणून शापित: म्यानातून निघाली की माणूस मारल्याशिवाय राहत नाही. हेर्व्होर पुरुषवेषात साम्सो बेटावर जाते, जळत्या थडग्यांमध्ये उभी राहून मेलेल्या बापाकडे तलवार मागते. तो सांगतो की ही तुझ्या कुळाचा नाश करील. ती घेतेच. पुढे तिचा मुलगा हेइद्रेक त्याच तलवारीने भावाला मारतो. १९६० चं इंग्रजी भाषांतर ख्रिस्तोफर टोल्किन यांचंच.

वाचनमात्र

मग असं ठरवते: पहिला रविवार कुल्लेर्वोचे सहा सर्ग, दुसरा तूरिन, तिसरा एल्रिकची १९६१ ची कथा, चौथा सौप्तिकपर्व ७, ८ आणि १६. गट्स ज्याने त्याने घरी. बरोबर?

उत्तरवारा

तूरिनला एक रविवार पुरणार नाही. पुस्तक पंधरा दिवस आधी वाटा, चर्चेला बेलेगचं मरण आणि शेवटचं प्रकरण एवढंच घ्या. कुल्लेर्वोचा छत्तिसावा सर्ग मात्र कट्ट्यावरच पूर्ण वाचा. तो लढाईवरून परततो, घर रिकामं, चूल थंड, फक्त म्हातारा कुत्रा उरलेला. तिथून तलवारीला प्रश्न विचारेपर्यंत कोणी मध्ये बोलू नये, एवढं आधी सांगून ठेवा.