मदत हवी आहे : ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकताना गुडघा आतून दुखतो, वळायचं नेमकं कुठून?

शेवंती:

नमस्कार मंडळी. वय ५३, मुक्काम नाशिक. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि फेब्रुवारीपासून ऑनलाइन ताई ची शिकतेय. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला क्लास, झूमवर पंचवीस-तीस खिडक्या. सर हिंदीत शिकवतात. मनापासून शिकवतात, पण तेवढ्या गर्दीत माझा गुडघा त्यांना दिसणार कसा?

२४ चालींचा फॉर्म (ठरलेल्या क्रमाने सलग करायच्या चाली) आहे, १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने ताई चीच्या यांग घराण्याच्या लांबलचक फॉर्मवरून बेतलेला. क्रम पाठ झालाय. हातही बरे जातात. पण दोन महिन्यांपासून ‘जंगली घोड्याची आयाळ दुभागणे’ ही चाल आली की उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकतो. सूज नाही. जिना चढताना काही होत नाही. फॉर्म केला की मात्र संध्याकाळपर्यंत आठवण राहते.

सर म्हणतात, ‘घुटने से नहीं, कमर से घूमो.’ मी कमरेतूनच वळते, निदान मला तसं वाटतं. दुसरं म्हणजे ते सारखं ‘क्वा को बैठने दो’ म्हणतात. क्वा म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, ‘कूल्हा’. म्हणून मी कुल्ले घट्ट आत घेऊन उभी राहते. तरी फरक नाही.

कुणी ताई ची करत असेल तर सांगा, मी चुकतेय कुठे? की हे पडद्यावर बघून शिकण्यासारखं नाहीच? आगाऊ धन्यवाद.

जुना_पाटा:

कशाला ही चिनी थेरं? रोज बारा सूर्यनमस्कार घाला, गुडघा गप्प बसेल.

शेवंती:

वीस वर्षं घातले हो काका. आता मनगटं कुरकुरतात, म्हणून तर इकडे वळले.

हाडवैद्य_नव्हे:

फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही. सूज आली, गुडघा मध्येच अडकला किंवा रात्री झोपमोड झाली तर इथे न विचारता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

बाकी गणित साधं आहे. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा. वाकतो, सरळ होतो. वाकलेला असताना थोडाफार फिरतो, बस. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा, तो सगळीकडे फिरतो. पाऊल जमिनीला रुतलेलं आहे आणि धड वळतंय, तर ते वळण मध्ये कुठेतरी जिरणार. खुबा मोकळा नसेल तर गुडघ्यात जिरणार.

आता तीन प्रश्न. कशावर उभं राहून करता? दोन पावलांमध्ये आडवं अंतर किती? आणि पाऊल वळवताना त्या पायावर भार असतो का?

टोरांटोकर:

शेवंतीताई, तुमच्या पोस्टमधला ‘कुल्ले आत’ वाचून हसू आलं, राग मानू नका. हिंदीतला कूल्हा म्हणजे आपला खुबा. आपले कुल्ले म्हणजे... असो. तुम्ही नेमकं उलटं करताय. कुल्ले आवळून आत घेतले की खुब्याची वाटी जाम होते. मग कमरेतून वळा म्हटलं तरी वळण घसरून गुडघ्यात उतरतं.

मी इथे आठ वर्षं एका बागेत कँटनीज आजी-आजोबांबरोबर करतो. आमच्या आजींना इंग्रजी जेमतेम. कुणी चुकलं की जवळ येऊन मांडी आणि ओटीपोट जिथे मिळतं तिथे दोन बोटं टोचतात, ‘क्वा, क्वा!’ आपल्याकडे त्या जागेला चांगला शब्द आहे, जांघ. (हिंदीत जांघ म्हणजे मांडी, तिथेही घोळ आहेच.) चिनीत कंबर म्हणजे ‘याओ’ वेगळी, क्वा वेगळा. सर कमरेतून वळा म्हणतात तेव्हा क्वा सुटलेला आहे हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

असं करून बघा. खुर्चीच्या कडेवर बसा, दोन्ही जांघांच्या घडीत बोटं ठेवा आणि जमिनीवरचा चमचा उचलायला वाकल्यासारखं करा. बोटं चिमटली जातील. आता उभं राहून, गुडघे किंचित मोडून, तशीच बोटं ठेवा. भार उजव्या पायावर न्या आणि उजवीकडे वळा. उजव्या घडीत बोटं चिमटली पाहिजेत. चिमटली नाहीत आणि गुडघा हलला, तर चोर सापडला.

आठवड्याभराने.

शेवंती:

चोर सापडला, आणि एक नाही, तीन सापडले.

मी योगा मॅटवर करत होते. मॅट तळव्याला इतकी धरून ठेवते की पाऊल फिरतच नाही, वरचा गुडघा मात्र फिरतो.

दुसरं पावलांचं. आमच्या फरशा दोन फुटांच्या. सरांचा व्हिडिओ बाजूने घेतलेला, त्यात पाऊल किती पुढे ते दिसतं, किती बाजूला ते दिसतच नाही. मी आपली दोन्ही पावलं फरशीच्या एकाच सांध्यावर टाकत होते, दोरावर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखी! धड समोर आणायचं म्हटलं की पिळ बसणारच.

तिसरं, फोन जमिनीवर पितळी डब्याला टेकवून शूटिंग केलं. हात अजून पोटाशी आहे आणि गुडघा आधीच आत कोसळलाय. सहा महिने हे कुणालाच दिसलं नाही, कारण माझा कॅमेरा कपाटावर. सरांना माझं डोकं आणि हात तेवढे दिसायचे. मलाही आपले हातच दिसायचे, त्यामुळे मी त्यांच्यावरच खूश.

टोरांटोकर:

वा! पावलं रुळांवर ठेवा, एका रुळावर नको. पुढच्या-मागच्या टाचेत साधारण खांद्याएवढं आडवं अंतर. धनुष्य पवित्र्यात (पुढचा गुडघा मोडलेला, मागचा पाय लांब) पुढच्या पायावर सत्तर टक्के, मागच्यावर तीस असा ढोबळ हिशोब सांगतात. घरात वजनकाटा असेल तर पुढचं पाऊल त्यावर आणि मागचं तेवढ्याच उंचीच्या पाटावर ठेवून एकदा बघाच. मला सत्तर वाटायचं ते नव्वद निघालं होतं.

आणि पुढचं पाऊल बाहेर वळवण्याआधी भार मागे न्या, टाचेवर पाऊल फिरवा, मग परत पुढे या. भरलेला, म्हणजे भार असलेला, पाय फिरवायचा नाही. यांग घराण्यातले गुरू यांग चंगफू (१८८३–१९३६) यांच्या दहा सूत्रांमध्ये भरीव आणि पोकळ पाय वेगळा ओळखा असं एक आहे. मला ते बरीच वर्षं काहीतरी गूढ वाटायचं. ते इतकं घरगुती आहे.

हाडवैद्य_नव्हे:

+१. महिनाभर पवित्रा उंच ठेवा, खोल बसू नका. गुडघा दुसऱ्या बोटाच्या दिशेला. मॅट गुंडाळून ठेवा, पातळ सपाट तळाचे कॅनव्हास बूट चालतील. चोवीस चाली रोज करायलाच हव्यात असं नाही, दहा मिनिटं नुसता भार इकडून तिकडे.

शेवंती:

तेच चाललंय. ताक घुसळताना रवी जागच्या जागी फिरते, तसं उजवीकडे आता होतंय आणि ठणका बराच कमी आहे. डावीकडे मात्र जांघ दाराच्या गंजक्या बिजागरीसारखी. सरांना व्हिडिओ पाठवला, त्यांनी पुढच्या क्लासला सगळ्यांना कॅमेरा खाली ठेवायला सांगितलं. आता तीस खिडक्यांमध्ये नुसते पाय दिसतात, आणि कोण कुणाचा ते ओळखताना सरांची पंचाईत होते.

डाव्या बाजूसाठी काही वेगळं करता येईल का?

टोरांटोकर:

डाव्या पायावर उभ्या राहून उजवा पाय हातभर उंच पाटावर नुसता ठेवा, काढा, ठेवा. वरचं धड हलू न देता. आमच्या आजी दात घासताना करतात म्हणे.