अनुभव धागा: मुरलेल्या जोडीनं वाट बदलली तेव्हा

परवा यावलला शेतात भरीत पार्टी होती. वांगी काड्यांवर भाजत होती आणि पुतण्यानं आउटकास्टचं 'हे या!' लावलं. मी म्हणालो, हे हिप हॉपच नाही. त्यावरून जी जुंपली ती कळण्याची भाकरी संपेपर्यंत चालली. आउटकास्ट म्हणजे आंद्रे ३००० आणि बिग बॉय, अमेरिकेतल्या अटलांटाची हिप हॉप जोडी, पहिला अल्बम १९९४चा. २००३मध्ये त्यांनी दोन सीडींचा 'स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो' काढला: पहिली सीडी बिग बॉयची, दुसरी आंद्रेची, 'हे या!' तिच्यातलंच. तुम्ही तो पहिल्यांदा कुठे ऐकला, पचला का, लिहा.

जळगाव
२००४, इंजिनिअरिंगचं होस्टेल. कुणीतरी एमपीथ्रीची सीडी भरून आणली होती, त्यात आंद्रेचीच बाजू होती. आम्हाला वाटलं अल्बम एवढाच. रॅप शोधत होतो आणि हा गडी गातोय! बिग बॉयचा अर्धा भाग मला तीन वर्षांनी मिळाला, आणि खरं सांगतो, आज गाडीत तोच वाजतो.

अमळनेर
आमचे काका लग्नाच्या ब्यांडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. त्यांना 'हे या!' ऐकवलं. मांडीवर ताल धरला, दोनदा चुकले, मग मला गप्प बसवून मोजायला लागले. चार, चार, चार, मग मध्येच दोन, पुन्हा चार, चार. बावीस. साधं गिटारचं गाणं वाटतं, पण ते दोन ठोके पायाखालची पायरी काढून घेतात. मी विचारलं, लोक नाचतात कसे मग? काका म्हणाले, "नाचनारले गिनती काय करनी शे? पाय बरोबर पडतस."

धुळे
मला नाही पचला. सव्वादोन तासांच्या अल्बममधली निम्मी गाणी कापली असती तरी चाललं असतं. 'एटीएलियन्स' (१९९६) आणि 'अक्वेमिनी' (१९९८) हे त्यांचे आधीचे अल्बम माझे. आता कुणी म्हणेल, 'अक्वेमिनी'तल्या 'रोझा पार्क्स'मध्ये आंद्रेच्या सावत्र वडिलांचा माउथ ऑर्गन आहे, ते काय जुनं होतं? नव्हतं. ते मात्र आवडतं. वाद मिटला असं समजू नका.

शहादा
धुळेकर दादा, खरी उडी २०००मध्येच पडली. 'स्टँकोनिया' अल्बममधलं 'बी.ओ.बी.' ऐका. मिनिटाला दीडशेच्या वर ठोके, इलेक्ट्रिक गिटार, शेवटी चर्चमधल्या गायकांचा समूह. काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल ऐकलेल्या माणसाला तो वेग परका वाटत नाही. आमच्या गावातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी उचललं. अडचण झाली ती पुण्याहून आलेल्या, सगळे अल्बम पाठ असलेल्या मित्राला.

पारोळा
मी रॅप ऐकणारी नाही, नवऱ्यामुळे कानावर पडतं. २००६मध्ये आमच्याकडे सासरे आणि चुलतसासरे वेगळे निघाले. ओसरीत भिंत आली, विहिरीचे वार ठरले. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट मात्र अजून सगळी भाऊबंदकी एकत्रच करते. त्यामुळे या दोन सीडींची मला गंमत वाटली. कव्हर एक, चुली दोन. २००४च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिल्या नंबरावरून 'हे या!'ला खाली खेचलं ते बिग बॉयच्या बाजूच्या 'द वे यू मूव्ह'नं, म्हणजे घरच्याच माणसानं! त्याच महिन्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मात्र दोघांना मिळून. पुढे 'आयडलवाइल्ड' आला, तोही २००६मध्येच, आणि नंतर दोघांचा एकत्र अल्बम नाही.

या श्रावणात रोटांचं पीठ मळताना मी मोबाइलवर 'द वे यू मूव्ह' लावलं होतं. भिंतीपलीकडच्या चुलतसासूबाई म्हणाल्या, "हाई काय लाई दिधं वं?" मी बंद करायला पिठाचा हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.