मदत हवी आहे: 'इथे नवीन हॉग फार्म (डुकरांचा फार्म) येऊच शकत नाही' यावर विसंबून जागा घ्यावी का? (नॉर्थ कॅरोलायना)

ओसरी:
नमस्कार मंडळी,

आम्ही रॉलीजवळ अकरा वर्षं राहतोय. दोघांचीही कामं आता घरूनच, त्यामुळे थोडी मोकळी जागा घ्यावी, भाजीपाला करावा असं बरेच दिवस डोक्यात होतं. सॅम्पसन काउंटीत साडेनऊ एकर आणि एक जुनं पण भक्कम घर सापडलं. स्वतःची विहीर, मागे पाइनची राई, त्यापलीकडे ओढा. किंमत मात्र संशय यावा इतकी कमी.

संशयाचं कारण दुसऱ्या फेरीत दिसलं. शेजारच्या शेतापलीकडे पत्र्याच्या चार लांबलचक शेड आणि त्यांच्यामागे एक मोठं गुलाबीसर तळं. एजंटबाई म्हणाल्या, "जुना हॉग फार्म आहे, बहुतेक रिकामाच असतो. आणि १९९७ पासून राज्याने नवीन फार्मवर बंदी घातली आहे, तेव्हा निश्चिंत राहा." नवऱ्याला हे पटलं. मला नाही, पण का पटत नाही तेही नीट सांगता येईना.

नकाशावर मोजलं तर घरापासून शेड साधारण सातशे मीटर. मधलं शेत मात्र आमच्या कुंपणाला चिकटून आहे आणि त्यात मोठ्या चाकावर गुंडाळलेला पाइप, पुढे तोफेसारखं काहीतरी, असं यंत्र उभं होतं. आम्ही गेलो दुपारी दोनला. वास अजिबात नव्हता.

ही बंदी नेमकी कशावर आहे? जुना फार्म वाढू शकतो का? तो खरंच बंद असेल तर उद्या कोणी विकत घेऊन पुन्हा सुरू करू शकतो का? आणि उद्या त्रास झालाच तर दाद कुठे मागायची? पुढच्या शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचं आहे.

चकली_चुकली:
दुपारी दोनला कोण बघतं हो जागा? संध्याकाळी जा, वारा पडल्यावर. किंवा पहाटे. आणि दोन-तीनदा जा. आमच्या ओळखीतल्या एकांनी असंच भर दुपारी घर बघून घेतलं आणि आता त्यांच्याकडे बाहेर कपडे वाळत घालत नाहीत.

पाणीवाला:
सांडपाण्याच्या कामात माझी वीस वर्षं गेली, त्यातली काही तुमच्याच भागात. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ते 'तोफेसारखं यंत्र'. या फार्ममध्ये डुकरं जाळीच्या फरशीवर असतात. मलमूत्र खाली पडतं, तिथून पाण्याने वाहत त्या तळ्यात जातं. तळ्याला इथे लगून म्हणतात. तिथे जिवाणू त्याचं विघटन करतात, गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी त्या यंत्राने शेतात, बहुतेक बर्म्युडा गवतावर, फवारतात. म्हणजे तुमच्या कुंपणाला लागलेलं शेत ही नुसती मोकळी जागा नव्हे, फार्मच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेचा तो अर्धा भाग आहे. तुम्ही शेडपासून अंतर मोजलंत. त्या शेतापासून मोजा.

(गुलाबी रंगाला घाबरू नका. तो जांभळ्या गंधक-जिवाणूंचा असतो आणि अशा तळ्याला वास उलट कमी असतो.)

आता बंदी. जून १९९५ मध्ये ऑन्स्लो काउंटीत एका लगूनची भिंत फुटली आणि अडीच कोटी गॅलनच्या आसपास, म्हणजे साडेनऊ कोटी लिटर मैला शेतांतून न्यू नदीत गेला. मासे मेले, नदीचं व्हायचं ते झालं. तोवर राज्यातली डुकरांची संख्या दहाएक वर्षांत काही पटींनी वाढून कोटीकडे निघाली होती, आणि त्यातली मोठी दाटी डुप्लिन व सॅम्पसन या दोन काउंट्यांत. त्याच वर्षी अंतराचा कायदा झाला: नवीन शेड किंवा लगून राहत्या घरापासून किमान १,५०० फूट, शाळा, दवाखाना, चर्चपासून २,५०० फूट लांब हवं. मग १९९७ मध्ये नवीन फार्म आणि वाढीव कामांना तात्पुरती स्थगिती आली. ती लांबत लांबत २००७ पर्यंत गेली आणि त्या वर्षी तिचं कायमच्या कायद्यात रूपांतर झालं.

पण 'नवीन हॉग फार्म नाही' असं तो कायदा म्हणतच नाही. नवीन किंवा वाढीव व्यवस्थेला परवाना हवा असेल तर पाच गोष्टी साधल्या पाहिजेत, असं म्हणतो: मैला ओढ्यात किंवा भूजलात जाता कामा नये, अमोनिया जवळपास नाहीसा व्हावा, हद्दीबाहेर वास जवळपास येऊ नये, रोग पसरवणारे कीटक आणि हवेतले जंतू रोखावेत, माती आणि भूजलात पोषकद्रव्यं व जड धातू साचू नयेत. साधं लगून आणि फवारणी या कसोटीला उतरत नाही, म्हणून व्यवहारात ती बंदी ठरते.

आणि जे आधीपासून आहेत त्यांना हे पाच निकष लागू नाहीत. ते परवान्यानुसार लगून आणि फवारणीवरच चालू राहू शकतात. मला यातली गंमत (गंमत कसली म्हणा) हीच वाटते, की १९९७ चा नकाशा जसाच्या तसा गोठला. जिथे नव्हते तिथे येत नाहीत, जिथे होते तिथून जात नाहीत. तुम्ही बरोबर 'होते' त्या बाजूला जागा बघताय.

आणखी एक. अंतराचा नियम फार्मवर आहे, घरावर नाही. चालू फार्मच्या शेजारी तुम्ही हौसेने राहायला गेलात तर तुम्हाला कोणी अडवत नाही.

ओसरी:
पाणीवाला, फार फार आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प झाला. पण "बहुतेक रिकामाच" याचं काय? आम्ही गेलो तेव्हा खरंच आवाज नव्हता, पंखेही बंद होते.

पाणीवाला:
रिकामा म्हणजे बंद असं धरून चालू नका. पिल्लांची एक बॅच एकदम येते, वाढते, एकदम जाते. मग शेड धुऊन काही दिवस रिकामी ठेवतात. तुम्ही त्याच दिवसांत गेला असाल. तो फार्म जुन्या परवान्यावर चालू आहे की कायमचा बंद झालाय, हे एजंटला नाही, राज्याच्या पर्यावरण खात्याला विचारा. सॅम्पसन काउंटी त्यांच्या फेएटव्हिल कार्यालयाकडे येते. परवान्यावर किती जनावरांची मुभा आहे, शेवटची तपासणी कधी झाली, काही त्रुटी निघाल्या का, ही सगळी सार्वजनिक कागदपत्रं आहेत. लाजू नका, मागा.

शेतकऱ्याचा_नातू:
सगळे फार्मवाल्यावर तुटून पडण्याआधी एक सांगतो. यातले बरेच जण कंपनीशी करार करून चालवतात. डुकरं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड, कर्ज आणि मैला मात्र शेतकऱ्याचा. चांगली पर्यायी व्यवस्था बसवावी असं त्यालाही वाटत असेल, पण पैसे कोण देणार? २००० साली राज्याच्या ॲटर्नी जनरलने स्मिथफील्ड या डुकराच्या मांसाच्या बड्या कंपनीशी करार करून पर्यायी तंत्रांच्या संशोधनासाठी दीड कोटी डॉलर मिळवले. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात काही वर्षं अभ्यास चालला. काही तंत्रं पर्यावरणाच्या कसोटीला उतरली, पण चालू फार्मवर बसवायला परवडत नाहीत असा निष्कर्ष निघाला. गाडी तिथेच अडली.

गोल्ड्सबरोकर:
परवडण्याचं गणित पुरात वेगळं दिसतं. २०१८ च्या फ्लॉरेन्स वादळात आम्ही इथेच होतो. कितीतरी लगून काठोकाठ भरून वाहिली, काहींच्या भिंतींनाच इजा झाली. त्याआधी १९९९ च्या फ्लॉइड वादळानंतर सरकारने पूररेषेतले चाळीसएक फार्म पैसे देऊन बंद करवले होते, म्हणून यावेळी थोडक्यात निभावलं असं म्हणणारेही आहेत. ताई, तुमच्या त्या ओढ्याची पूररेषा बघितलीत का? लगून तुमच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? मी घर घेताना स्वयंपाकघर आधी बघितलं आणि उतार नंतर, ती चूक तुम्ही करू नका.

ओसरी:
लगून वरच्या अंगाला आहे. आत्ताच नकाशात पाहिलं. आणि दाद मागण्याबद्दल कोणी सांगेल का?

पाणीवाला:
तिथे दार बरंच अरुंद झालंय. २०१८ मध्ये शेजाऱ्यांनी स्मिथफील्डच्या उपकंपनीविरुद्ध वास-माशांच्या त्रासाचे खटले जिंकले. पहिल्याच निकालात ज्यूरीने पाच कोटी डॉलर दिले, पण दंडात्मक भरपाईवर राज्याने घातलेल्या मर्यादेमुळे ते साडेबत्तीस लाखांवर आले. त्याच उन्हाळ्यात विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून नियम आणखी आवळले: दावा लावणाऱ्याची जागा फार्मपासून अर्ध्या मैलाच्या आत हवी, आणि फार्म सुरू झाल्यापासून किंवा त्यात मूलभूत बदल झाल्यापासून वर्षभरात दावा लावायला हवा. मालक बदलला, नवं तंत्र आणलं, तर तो मूलभूत बदल धरत नाहीत. तुमचे सातशे मीटर अर्ध्या मैलाच्या आत येतात, पण फार्म तीस वर्षं जुना असेल तर ते वर्ष केव्हाच उलटलं. मी वकील नाही. सही करण्याआधी तासभर खऱ्या वकिलाला द्या.

चकली_चुकली:
आणि कोंबड्या! सगळे डुकरांवरच बोलताय. ही बंदी फक्त डुकरांना आहे ना? आमच्याकडे मागच्या चार-पाच वर्षांत कोंबड्यांच्या शेडच शेड उगवल्या.

पाणीवाला:
चकलीताई, बरोबर पकडलंत, मी विसरलोच होतो. सुक्या विष्ठेच्या कोंबडीफार्मला तसा स्वतंत्र परवानाच लागत नाही, ठरावीक नियम पाळले की परवाना आहे असंच धरतात. त्यामुळे ते कुठे आहेत याची हॉग फार्मसारखी यादीही खात्याकडे नाही. पलीकडची रिकामी जमीन कोणाची आहे आणि तिचं काय चाललंय, ते काउंटीत जाऊन विचारा. 'नवीन हॉग फार्म येऊ शकत नाही' हे वाक्य तिथे काहीच कामाचं नाही.

ओसरी:
अपडेट देते. फेएटव्हिलला फोन केला. बाई अतिशय सौजन्याने बोलल्या. परवाना चालू आहे, फार्म चालू आहे. एजंटबाईंचं "बहुतेक रिकामा" म्हणजे दोन बॅचमधलं रिकामं निघालं. तपासणीचे कागद ईमेलने येतील.

काल संध्याकाळी सातला पुन्हा गेलो. पंखे सुरू होते. ओट्यावर उभे राहिलो. वास होता, पण असह्य म्हणावा असा नव्हता. मग वारा फिरला आणि नवरा न बोलता गाडीत जाऊन बसला.

तरी अजून नाही म्हटलेलं नाही. घरमालक आजोबा तिथे चाळीस वर्षं राहिले. ते म्हणाले, "विहिरीचं पाणी मी रोज पितो." म्हणून म्हटलं, निदान पाणी तपासून घेऊ. नायट्रेटसाठी (मैल्यातून भूजलात उतरणारा क्षार) नमुना देताना नळाचं पहिलं पाणी घ्यायचं की थोडं वाहू द्यायचं?

पाणीवाला:
वाहू द्या, पाचेक मिनिटं, आणि फिल्टर असेल तर त्याच्या आधीच्या नळाचं घ्या. बाटली प्रयोगशाळेने दिलेलीच वापरा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आलं तर घरात तान्हं मूल असो वा नसो, पिऊ नका. जमलं तर एक नमुना आता आणि एक मोठा पाऊस पडून गेल्यावर. शुक्रवारची मुदत वाढवून मागा, एवढं द्यायला आजोबांना काय हरकत असणार?

ओसरी:
मागितली. दोन आठवडे मिळाले. आता पावसाची वाट बघतोय.