मदत हवी आहे: समर्थ मंदिर ते एमआयडीसी रोज सायकलने, येताना सगळा चढ (सातारा)

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात समर्थ मंदिराजवळ राहते, एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कॉलेज सुटलं तशी सायकलही सुटली, त्याला वीसेक वर्षं झाली. यंदा लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची लेडीबर्ड जिन्याखाली पडून आहे. आता त्याच सायकलने कामावर जायचं मनावर घेतलंय. एका बाजूचं अंतर सहा-सात किलोमीटर.

अंतराची धास्ती नाही, चढाची आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आपलं गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं. सकाळी घरून निघालं की राजवाडा, पोवई नाका करत गाडी आपसूक खाली येते. संध्याकाळी दमल्या अंगाने तेवढंच वर चढायचं.

सायकल मिस्त्रींना दाखवली. त्यांनी टायरची कड अंगठ्याने दाबली तर बारीक भेगा उघडल्या, ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेत. दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेक रबर, केबल बदलायच्या आणि ओव्हरऑइल करायचं असं ठरलं. गिअर नाहीत. मागे १८ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती, जिच्यावर चेन चालते) आहे, ते २२चं टाकलं तर चढाला पायावरचा जोर जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होईल, असा माझा हिशोब. सपाटीवर पाय जास्त फिरवावे लागतील, ते चालेल मला. कुणी असा बदल केलाय का? चेन लांब करावी लागते का? की या चढाला सरळ गिअरची सायकलच घ्यावी?

दुसरी काळजी पावसाची, आणि खरं तर हीच मोठी. रिम स्टीलचे आहेत. स्टीलचं रिम ओलं झालं की रबर घसरतो, ब्रेक उशिरा लागतो. भर पावसात राजवाड्याकडे उतरताना समोर रिक्षा थांबली तर? अॅल्युमिनियमचे रिम बसवून घेतले तर फरक पडतो असं ऐकलंय. ज्यांनी साताऱ्याचा पाऊस सायकलवर काढलाय त्यांनी जरूर लिहा.

रस्त्याचं म्हणाल तर राजवाडा ते पोवई नाका वरच्या रस्त्याने यावं की खालच्या? नाक्यावर २०२१ला ग्रेड सेपरेटर (चौकाखालून जाणारा भुयारी रस्ता) झाला, पण सायकलने त्यात शिरावं असं मला वाटत नाही. खाली गाड्या वेगात असतात आणि बाहेर पडताना पुन्हा चढच. वरून शिवतीर्थाला (नाक्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याला) वळसा घालून गेलेलं बरं ना? अजंठा चौकात हायवे ओलांडताना मात्र ट्रकची भीती वाटते. तिथे उतरून, सायकल हातात धरून जायचं ठरवलंय.

तालीम संघाच्या मैदानावर पहाटे सराव चालू आहे. तोल जमला. मागे वळून बघताना आणि उजवा हात बाहेर काढताना हँडल अजून डुगडुगतं, त्यामुळे आरसा लावून घेणार आहे. मागे लाल दिवाही. ओढणी चाकात जाऊ नये म्हणून कुर्ता-लेगिंग्जच घालेन, ऑफिसचे कपडे कॅरियरला. चाळिशीनंतर पुन्हा सुरू केलेल्या कुणी ताई असतील तर गुडघ्यांचा अनुभव सांगा. सीट किती उंच ठेवलीत? टाच पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा एवढी ठेवा म्हणतात, पण तेवढ्या उंचीवर थांबताना माझे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत.

सोमवारी सायकल मिस्त्रींकडे टाकतेय. निदान फ्रीव्हील आणि रिमचं त्याआधी कळलं तर एकदाच काम करून घेता येईल.