विषय: एमजीबी घेतोय, मॅचिंग नंबर्स म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या गडबडीत हा विषय घुसवतोय, सॉरी. शनिवारी 1966 ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) बघून आलो, लाल, वायर व्हील्स, बायकोच्या मते एवढ्यात किचन नवीन होईल. विकणारा सारखं मॅचिंग नंबर्स मॅचिंग नंबर्स करतोय, शिवाय ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) फॅक्टरीचाच म्हणतोय आणि म्हणून भाव चढा. पण मी बॉनेटखाली डोकं घातलं तर इंजिनच्या नंबराचा आणि चेसिसच्या नंबराचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फसवतोय का हा? काका, तुम्ही यातले जाणकार, जरा बघा ना.
(लेस्टर)

———

अरे फसवत असेलही, पण दोन नंबर वेगळे आहेत म्हणून नाही. एमजीबीत ते सारखे नसतातच. ॲबिंग्डनला, म्हणजे एमजीच्या कारखान्यात, गाडी बनली की कुठल्या चेसिसमध्ये कुठलं इंजिन बसलं ते रजिस्टरात लिहायचे, ती रजिस्टरं आता गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत आणि फी भरली की त्यातून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. बनल्याची तारीख, रंग, कुठल्या देशात पाठवली, इंजिन नंबर, सगळं त्यात. आजचं इंजिन त्या नोंदीशी जुळलं तर मॅचिंग, बाकी बोलाचीच कढी. लॉगबुकात (इथलं आरसी बुक) जुळतंय म्हणून हुरळू नकोस, इंजिन बदललं की डीव्हीएलएला (इथलं आरटीओ) कळवून नवा नंबर चढवता येतो.

इंजिनचा नंबर ब्लॉकच्या (इंजिनचं मुख्य धूड) उजव्या बाजूला, हेडच्या (त्यावरचं झाकण) खाली छोट्या पट्टीवर असतो, उजवी म्हणजे सीटवर बसून उजवी, समोर उभा राहिलास तर डावी. तेलाची पुटं असतील, पॉलिश पेपर अजिबात मारू नकोस, रॉकेल नि जुना टूथब्रश घे, टॉर्च तिरका धर. आपल्याकडे आरटीओत चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासायचे आठवतंय का, तसाच छाप घे, डोळ्याला न दिसणारा आकडा पण उठतो. आणि पट्टीपेक्षा रिव्हेट बघ, साठ वर्षांच्या पट्टीला चकचकीत रिव्हेट दिसले की समजायचं कोणीतरी हात घातलाय. नव्या कोऱ्या पट्ट्या बाजारात विकत मिळतात, हवा तो नंबर ठोका!

दोन्ही नंबरांच्या सुरुवातीची अक्षरं जशीच्या तशी लिहून पाठव, खरी मजा तिथे आहे.
(कॉव्हेंट्री)

———

काका, पेन्सिल प्रिंट घेतली, विकणारा वेड्यासारखा बघत होता 😄 चेसिसच्या पट्टीवर जीएचएन3एल आणि पुढे आकडे. इंजिनवर 18जीबी-यू-एच. रिव्हेट दोन्हीकडे जुने, गंजलेले.

———

मग ऐक. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिन 1400 ते 1999 सीसीमधलं, एन म्हणजे टू-सीटर उघडी गाडी, जीटी (पक्क्या छपराची) असती तर तिथे डी आला असता. 3 हा सुरुवातीचा अवतार, 1967 पर्यंतचा, तेव्हा 1966 ला बसतंय. 18जीबी म्हणजे पाच बेअरिंगचं इंजिन, 1964 च्या ऑक्टोबरपासूनचं, ते पण बसतंय. 18व्ही निघालं असतं तर सरळ घरी ये म्हटलं असतं, ते सत्तरीतलं.

आता गोम. शेवटचा एच म्हणजे हाय कम्प्रेशन, यू म्हणजे मधला गिअर लीव्हर. फॅक्टरीचा ओव्हरड्राइव्ह असता तर आरयू असतं. आर कुठाय? म्हणजे हे इंजिन साध्या गिअरबॉक्सबरोबर बाहेर पडलं, ओव्हरड्राइव्ह नंतर कोणीतरी बसवलाय. आणि चेसिसच्या शेवटचा एल म्हणजे लेफ्ट हँड ड्राइव्ह. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे रे?
(कॉव्हेंट्री)

———

उजव्या!! 😳

———

मग झालं. गाडी परदेशात गेली, बहुतेक अमेरिकेत, तिथून परत आणून उजवी केली. अशा ढिगाने आहेत आणि वाईट नसतात, कोरड्या राज्यातली असेल तर पत्रा इथल्या मीठ मारलेल्या रस्त्यांवरच्या गाडीपेक्षा चांगला निघतो. पण इंग्लंडची ओरिजिनल म्हणून पैसे द्यायचे नाहीत. सर्टिफिकेट त्यालाच काढायला सांग, कुरकुरला तर उत्तर मिळालंच.

जाता जाता, एमजी टीसीचे (एमजीबीच्या आधीचं जुनं मॉडेल) चेसिस नंबर 0251 पासून सुरू होतात कारण फॅक्टरीचा फोन नंबर ॲबिंग्डन 251. ह्यांचं काम असं!
(कॉव्हेंट्री)

———

मध्येच विचारते, आमच्या शेजाऱ्यांची जॅग्वार ई-टाईप आहे, त्यांच्या पट्टीवर तर इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी सगळेच नंबर आहेत, मग एमजीवाल्यांनाच काय झालं होतं?
(सोलिहल)

———

ताई, जॅग्वारवाले पट्टीवर चेसिस धरून चारही नंबर द्यायचे आणि इंजिनचा ब्लॉकवर नि हेडवर दोन्हीकडे ठोकायचे, त्यामुळे तिथे हेड बदललेलं पण पकडता येतं. ॲबिंग्डनला स्वस्तातल्या गाड्या, कोण एवढा खटाटोप करणार.
(कॉव्हेंट्री)

———

अपडेट: विकणाऱ्याला आर कुठाय विचारलं, तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला त्याला आधीच्या मालकाने तसं सांगितलं होतं. सर्टिफिकेट मागवायला तयार झालाय, भाव पण खाली आलाय. बायकोला अजून सांगितलं नाही, ती या लिस्टवर नाहीये, कृपया कोणी फॉरवर्ड करू नका.
(लेस्टर)