हीण, मिश्रधातू की संमिश्र?

घणसोलीकर: रबाळ्याच्या एका फाउंड्रीचं माहितीपत्रक मराठीत करतोय. 'अलॉय स्टील'साठी 'क्रोमियम-निकेलचं हीण घातलेलं पोलाद' लिहिलं, तर मालक उखडले, "आमच्या मालात हीण?" आमची आजी सोनाराला बिनदिक्कत विचारायची, "हीण किती घातलंत?" मग इथे काय बिघडलं?

नौपाडेकर: मालकांचं बरोबर आहे. हीण अधिक कस, म्हणून हिणकस. शब्दाच्या पोटातच 'हीन' बसलाय. सरळ मिश्रधातू लिहा.

जांभळीनाका: आमच्या धंद्यात हीण ही शिवी नाही हो. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, बाकी तांबं-चांदी. तेच हीण. ते घातलं नाही तर बांगडी हातातच वाकेल. गिऱ्हाईक 'हीण' ऐकून दचकतं आणि 'नाइन वन सिक्स' ऐकून खूश होतं!

विज्ञानवाली: मिश्रधातू तरी कसं चालेल? पोलादातला कार्बन अधातू आहे. शाळेच्या पुस्तकात 'संमिश्र' आहे. पारा असेल तर 'पारदसंमिश्र'.

नौपाडेकर: 'संमिश्र पोलाद' वाचलं तर गिऱ्हाइकांचा प्रतिसादही संमिश्रच येईल.

कळवापूल: 'अलॉय' आपल्या 'आळणे'वरून गेला असणार. आटून घट्ट झालं की आळलं!

विज्ञानवाली: काहीही! लॅटिन 'अल्लिगारे', म्हणजे बांधणे. 'अलायन्स'ही तिथलाच.

कळवापूल: म्हणजे युती. मग युतीतलं हीण कोण, ते आधी ठरवा.

घणसोलीकर: राजकारण नको, प्लीज. 'अलॉय स्टील'च ठेवू का? कामगार तेच म्हणतात.

नौपाडेकर: मग मराठीत करताय कशाला?

वसईचा_जावई: सगळे 'पंचरसी' विसरले, म्हणजे पाच धातूंच्या रसाची. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, तिला पंचरसी म्हणतात. आमच्या वसईच्या चर्चच्या घंटाही १७३९ च्या विजयानंतर देवळांत गेल्या. त्यातली वाईजवळच्या मेणवलीची बघून या, पंचधातूची आहे.

जांभळीनाका: पंचधातू कसली? घंटा काशाची करतात, तांबं नि कथील. म्हणून तर घुमते. आपल्याकडे जरा जुनं नि जड दिसलं की लगेच पंचधातू!

वसईचा_जावई: तुम्ही वाजवून पाहिलीत का?

कळवापूल: ते राहू द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या टोपाला आई 'जर्मनचा टोप' म्हणते, ते कशावरून? जर्मन सिल्व्हरवरून?

विज्ञानवाली: जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त नि निकेल. त्यात अ‍ॅल्युमिनियम नाही आणि चांदी तर औषधालाही नाही.

कळवापूल: मग टोप जर्मन कसा झाला?