मदत हवी आहे: निवृत्त खेळाडू परतला की जुन्या कराराचं काय होतं?

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉलमधला एक गुंता सुटत नाहीये. रॉब ग्रॉन्कोवस्की मार्च 2019 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या संघाशी, म्हणजे न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी, करारातलं एक वर्ष उरलं होतं. करार संपला नाही, नुसता गोठला. म्हणून एप्रिल 2020 मध्ये जुना सहकारी टॉम ब्रेडीच्या मागोमाग टँपा बे संघात जाताना ट्रेड (संघांमधली अदलाबदल) करावा लागला: तो आणि ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधली) सातव्या फेरीची निवड देऊन पेट्रियट्सनी चौथ्या फेरीची निवड घेतली. वर्षभर घरी बसलेल्या माणसावरही संघाचा हक्क राहतो, हे मला फार खटकतं. पण जुन्या संघाने ना सोडलं, ना ट्रेड केलं, तर? परतल्या दिवसापासून त्याचा पगार संघाच्या पगारमर्यादेत (सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) धरतात का? भाच्याला समजावताना मी इथेच अडकले. जाणकारांनी कृपया सांगा.